भिंतीवरचा अनंता

जोगेश्वरीत ओशिवरा नदीकाठच्या भिंतीवर निळ्या रंगाचा शेवटचा हात देऊन विद्याधर मास्तर शिडीवरून उतरले. सत्याऐंशी सालचा नदी-महोत्सव उद्या सकाळी सुरू व्हायचा होता. चित्रात मधोमध एक तरणा कोळी कंबरभर पाण्यात उभा होता, जाळ्याची कड दातांत धरून, फेकण्याच्या बेतात. दोन वर्षांपूर्वी खाडीवर बसून केलेल्या एका रेखाटनावरून मास्तरांनी तो उतरवला होता. नाव काही विचारलं नव्हतं.

बाजार आटपून निघालेली वेसाव्याची सरूबाई तिथे थबकली. डोक्यावरची रिकामी पाटी तिने खाली ठेवली.

"ह्यो माझा पोरगा, अनंता. कुठं गावला तुला?"

मास्तरांनी सांगितलं. ती ऐकत होती, पण नजर भिंतीवरच.

"त्याच पावसाळ्यात गेला. नदी खाडीला मिळते तिथं. तीन दिस शोधला, गावला न्हाय." मग म्हणाली, "त्याला बाहेर काढ, मास्तर."

मास्तर गोंधळले. "मावशी, कंबरभरच तर पाणी आहे."

"तवाबी तेवढंच होतं."

महोत्सव मंडळाचे सेक्रेटरी भाऊ शेजारी मांडवाची तयारी बघत होते, ते पुढे आले. "सकाळी पाहुणे येणार, विद्याधर. आता हात लावू नकोस. बाईंना समजाव."

मास्तर समजवायला वळले खरे. सरूबाई रडत नव्हती की हुज्जत घालत नव्हती. ओल्या रंगाला न शिवता ती भिंतीपाशी हात पुढे करून उभी होती, होडीतून उतरणाऱ्याला आधार द्यावा तशी.

मास्तरांनी पुन्हा निळ्या रंगाचा डबा उघडला. "तू आणि तुझं नशीब," म्हणत भाऊ निघून गेले.

पाण्यातला अनंता हळूहळू बुजला. काठावरच्या खडकाशी त्याचं डोकं, खांदे, छाती उमटली. मग कुंचला अडला. रेखाटनात कमरेखाली नुसतं पाणी होतं.

"मावशी, पाय कसे होते त्याचे?"

सरूबाईने थोडा विचार केला. चप्पल काढली, पाऊल पदराने स्वच्छ पुसलं आणि मास्तरांच्या स्टुलावर ठेवलं.

"असंच," ती म्हणाली. "काढ."