डावीकडचा फोटो

"हाही चालणार नाही. ह्यात तोंडापुढे रुमाल आहे," फ्रेमवाला म्हणाला.

ताईने पुढचा फोटो सरकवला. त्यात आईने मान फिरवली होती. त्याच्या पुढच्यात ती नातवाच्या डोक्याआड. उद्या सकाळपासून माणसं भेटायला येणार होती, बाहेरच्या खोलीत आईचा फोटो हवा होता, आणि दोन अल्बम पालथे घातले तरी तिचा एक धड चेहरा सापडत नव्हता.

"काकू फार लाजऱ्या होत्या का हो?"

"लाजरी? आई?" धाकटा भाऊ म्हणाला. "चार घरांपलीकडे ऐकू जाईल अशी हसायची." मग तो ताईकडे न बघता म्हणाला, "एक फोटो आहे. पार्लरच्या भिंतीवर. आणतो."

ताईने त्याला थांबवलं नाही.

पाच वर्षांपूर्वी ताईचं पार्लर उघडायला आठ दिवस उरले होते. भिंतीसाठी एक तेलकट चेहरा हवा होता. घरात आयता होता. आईचं कपाळ दुपारपर्यंत घासलेल्या पितळेसारखं लखलखायचं. "देवाने माझ्यात सढळ हाताने तेल ओतलंय गं, दिव्यात ओततात तसं," असं म्हणून ती स्वतःच हसायची आणि दिवसातून सात वेळा साबणाने तोंड खसाखसा धुवायची.

"अगं, त्यानेच वाढतंय," ताईने समजावलं होतं. "तू ओरबाडून काढतेस, म्हणून कातडी आणखी सोडते. दोनदाच धू, सौम्य फेसाने. आणि वर हलकं क्रीम लाव."

"तेलावर आणखी क्रीम? डोकं फिरलंय का तुझं?"

"लाव तर खरी. चमकलं की हा तेल टिपायचा कागद नुसता टेकवायचा, घासायचं नाही. तीन महिन्यांनी तुझा दुसरा फोटो काढते, बघशील."

आईने व्रत धरावं तसं सगळं पाळलं. पण पार्लर काही तीन महिने थांबणार नव्हतं. ताईने डावीकडे आईचा फोटो लावला, खाली लिहिलं 'उपचाराआधी'. उजवीकडे धाकट्या मावशीचा, 'उपचारानंतर'. दोघी बहिणींचं नाक तेच, हनुवटी तीच. मावशीची कातडी मात्र जन्मापासून सायीसारखी. गिऱ्हाइकं खूश. एकीने तर विचारलं, "वयसुद्धा कमी होतं का हो?"

मग आई पार्लरात आली की बायका कुजबुजायच्या, "ह्या बघ, डावीकडच्या काकू!" पहिल्यांदा आई त्यांच्याबरोबर हसली. नंतर ती मागच्या दाराने येऊ लागली. मग येईनाशीच झाली. घरात कुणी फोटो काढायला लागलं, की तिच्या हातात रुमाल असायचाच.

परवा सकाळी पांढऱ्या चादरीवर आईचा चेहरा ताईने पहिल्यांदा निवांत पाहिला. नितळ होता. कपाळावर तेलाचा मागमूस नव्हता. उशाशी त्या कागदांचं पाकीट होतं, वापरता वापरता अर्ध्यावर आलेलं.

भाऊ भिंतीवरचा फोटो घेऊन आला. फ्रेमवाल्याने तो दिव्याखाली धरला.

"अरेच्चा! ह्या काकू होय? आमची बायको तुमच्याकडेच येते, मॅडम, तिला सोडायला आलो की भिंतीवर ह्या दिसतात. ह्यांचं सारखं सांगत असते." त्याने फोटो हळूच बाजूला ठेवला. "पण हा कशाला? ह्यात बघा, काकू किती अवघडून बसल्यात. त्यांचा तो उजवीकडचा आहे ना, सुंदर, तोच लावू."

"ती मावशी आहे," भाऊ म्हणाला.

फ्रेमवाल्याने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा ताईकडे. हातातली कात्री त्याने उगाचच उघडली, मिटली.

"म्हणजे काकूंना गुण आलाच नाही?"

"आला. तीन महिन्यांत आला," ताई म्हणाली. "चांगली साडी नेसून पार्लरच्या मागच्या दारात उभी राहायची. म्हणायची, आता काढतेस का गं माझा? मी म्हणायची, गिऱ्हाईक आहे आई, पुढच्या आठवड्यात."