ब्रदर अहो

सोमवारी नैरोबीच्या मिशन ऑफिसात सॉलोमन रणभिसेंना छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. त्यावर छापलं होतं, 'ब्रदर अहो'.

"विमानतळापासून तू हीच हाक मारतेयस," ते बायकोला म्हणाले. "त्यांना वाटलं, हेच नाव."

"मग काय या वयात नवऱ्याचं नाव घेऊ?" मार्थाबाई फणकारल्या.

निवृत्तीनंतर दोघं चर्चच्या सेवेला नगरहून आले होते. मंगळवारी रखवालदारानं "गुड मॉर्निंग, अहो" म्हणत सलाम ठोकला. बुधवारी स्वयंपाकीण ओरडली, "अहो, चहा!" गुरुवारी बिशपांनी प्रार्थनेत "प्रिय अहोंसाठी" आशीर्वाद मागितला. सॉलोमनराव खूश होते. आयुष्यात इतक्या लोकांनी त्यांना अहो-जाहो केलं नव्हतं.

मार्थाबाई मात्र खट्टू झाल्या. एकेचाळीस वर्षं ती हाक फक्त त्यांची होती. आता त्यांनी "अहो" म्हटलं, की सॉलोमनराव मान वर न करता "येस, सिस्टर?" म्हणत.

शनिवारी सॉलोमनराव पाकिटांवर शिक्के मारत होते. "सॉलोमन," मार्थाबाई हळूच म्हणाल्या. शिक्का सॉलोमनरावांच्या मनगटावर उमटला.

"सॉलोमन कोण?" शेजारच्या टायपिस्टनं विचारलं.

"यांचं घरातलं नाव आहे," मार्थाबाई म्हणाल्या. "तुम्ही नका हं घेऊ."