शय्यादानाची गादी

"वेंगुर्ल्याच्या दमट हवेत ही गार गादीच घ्या, काकी," दुकानदार डिमेलो म्हणाला. "घाम येत नाही, बुरशी धरत नाही. फक्त हिला माणूस आठवत नाही."

इंदुमतीकाकींनी तळवा दाबून पाहिला. ठसा लगेच बुजला.

घरची गादी आठवण ठेवणारी होती. बावीस वर्षांत तिने काकांची ऊब आणि त्यांचं कूस बदलणं शिकून घेतलं होतं. पण काका गेले, आणि सुतकात काकी चटईवर झोपल्या. गादीत काय उरलंय ते कोणाला कळलंच नाही. तेराव्याला ती रीतीप्रमाणे भटजींना शय्यादानात गेली.

काल भटजी देवळापाशी भेटले. संकोचून म्हणाले, "गादी फार तापते हो. आणि पहाटे शेजारी कोणीतरी कूस बदलतं."

दिलेलं दान परत मागायचं नसतं, हे काकी जाणून होत्या.

"हीच द्या," त्या डिमेलोला म्हणाल्या. "भटजींच्या घरी पोचवा, आणि तिथली जुनी माझ्याकडे आणा."

"या उकाड्यात ती तापेल, काकी."

"तापू दे. मला सवय आहे."