वेगळं ताट

रुग्णालयातलं यंत्र आता मेलेल्यांचे जुने एक्स-रे आणि बायोप्सीच्या काचपट्ट्याही पुन्हा तपासायचं. चूक निघाली की घरच्यांना बोलावणं जाई. आज भोईटे अण्णांना आलं होतं.

“अण्णा, दहा वर्षांपूर्वी तुमच्या मिसेसना टीबी नव्हताच,” डॉक्टर म्हणाल्या. “फुप्फुसात एक दुर्मिळ गाठ होती. तेव्हा ती कुणाला ओळखता आली नसती, आणि औषधही नव्हतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

अण्णांनी टेबलावरचा अहवाल जवळ ओढला.

“म्हणजे जवळ गेल्यानं लागणारा आजार नव्हता?”

“नाही.”

कुसुमचं ताट वर्षभर वेगळं होतं. चार वर्षांच्या लेकीला त्यांनी उंबऱ्याबाहेरच धरून ठेवलं होतं. शेवटच्या दिवशी कुसुमनं तिच्यासाठी हात पुढे केला, तेव्हाही.