उत्तर न आल्यास

उद्यान खात्याच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन वीस दिवस झाले होते. त्यात लिहिलं होतं: आपण बागेतल्या खारींच्या नोंदी ठेवता असे समजते. फाटकाजवळच्या शिरीषाची रस्त्यावर आलेली फांदी उतरवायची आहे. तिच्यावरच्या घरट्यात पिल्ले आहेत का, ते पंधरा दिवसांत लेखी कळवावे. असल्यास काम महिनाभर पुढे ढकलता येईल. उत्तर न आल्यास हरकत नाही असे समजण्यात येईल.

पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरट्यातून बारीक चिरचिर ऐकली होती. वहीत तशी नोंदही केली होती. पण उत्तर लिहायला बसलं की हात अडायचा. पाखराचं पिल्लू असलं तर? आपल्या शब्दाखातर काम थांबलं आणि फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर? चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासताना तिसऱ्या वाचनाआधी त्यांनी कधी सही केली नव्हती. उत्तराचे तीन मसुदे झाले, चौथा अर्धवट राहिला.

"मला होकार कळवायला सात महिने लावलेत," बायको म्हणाली होती. "मी थांबले. ती पिल्लं थांबायची नाहीत."

आज सकाळी ते बागेत आले तेव्हा फाटकाशी शिडीची गाडी उभी होती. रस्ता दोरी लावून अडवला होता. माळीणबाई झाडू हातात धरूनच त्यांच्याकडे आल्या.

"खारमास्तर, कळवलं होतंत ना तुम्ही?"

माळीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग झाडूकडे.

शेवटी ते मुकादमापाशी गेले. "घरट्यात पिल्लं आहेत," म्हणाले. इतक्या हळू, की पुन्हा म्हणावं लागलं.

"ऑफिसला कळवलंत?"

"वहीत नोंद आहे."

"वहीचं मी काय करू, काका? माझ्या कागदावर हरकत नाही असं लिहिलंय." मुकादम माणूस वाईट नव्हता. त्याने वर पाहिलं, मग घड्याळ पाहिलं. "रस्ता दहापर्यंतच बंद आहे. अर्धा तास देतो. तोवर मागच्या बारक्या फांद्या घेतो. तुमच्या खारीला म्हणावं, आटप."

मास्तर बाकावर बसले आणि वही उघडली. दुसरं काय करायचं, ते त्यांना सुचलं नाही.

८.४६. करवत सुरू. खार घरट्यातून बाहेर, पुन्हा आत.

८.५२. एक पिल्लू तोंडात. पिल्लाने आईच्या मानेला विळखा घातलेला. खोडावरून खाली, गवतातून पलीकडच्या झाडावर.

९.०३. दुसरं पिल्लू. त्याच वाटेने.

"अजून आहे का हो?" माळीणबाईंनी विचारलं.

"माहीत नाही."

"वीस दिवस काय बघत होता मग?"

खार पलीकडच्या झाडावर बसून होती. पोट धापेने हलताना बाकावरूनही दिसत होतं. मग ती उतरली, गवत ओलांडून शिरीषाच्या खोडावर अर्ध्यापर्यंत चढली. तेवढ्यात वरची एक डहाळी तिच्या अंगावरून खाली आली. ती उलटी फिरली.

"अरे, बंद कर जरा!" माळीणबाई ओरडल्या. करवतीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मास्तर उठले होते. त्यांनी हातही वर केला होता, पण खांद्याइतकाच.

मुकादमाने अर्ध्या तासावर आणखी सहा मिनिटं दिली. ९.२२ ला फांदी पडली.

माळीणबाई आधी पोचल्या. घरटं उलटं पडलं होतं. काथ्या, कापूस, कुठल्याशा लाल स्वेटरची लोकर. त्यांनी ते दोन्ही हातांनी सरळ केलं, आत पाहिलं, आणि वर मूठभर पाला टाकला.

"किती?" बाकापासून मास्तरांनी विचारलं.

"एकच," त्या म्हणाल्या. "या, बघा हवं तर. खात्री करून घ्या."

ते गेले नाहीत.

गाडी गेली, रस्ता मोकळा झाला. ९.४० ला खार आली. खोडावरून भराभर चढली आणि फांदी कापली होती तिथे थांबली. पुढचे पाय पुढच्या मोकळ्या जागेत टाकून पाहिले. मागे घेतले. ९.४६ ला पुन्हा आली. ९.५८ ला पुन्हा. मास्तर लिहीत राहिले. अकरानंतर ती आली नाही.

टपाल कचेरीत त्यांनी पाकीट घेतलं आणि गोंदाच्या डबीशेजारी उभ्यानेच कागद लिहिला. पहिलं वाक्य सोपं होतं: घरट्यात तीन पिल्ले होती. तिथेच सही करता आली असती. मागे रांगेतल्या एका बाईने विचारलं, "काका, झालं का?"

"एक ओळ राहिलीय," ते म्हणाले, आणि लिहिलं: पिल्ले असल्याचे मला अठरा... खोडलं. वहीतली तारीख काढून बोटांवर दिवस मोजले. एकोणीस. पिल्ले असल्याचे मला एकोणीस दिवसांपासून ठाऊक होते.

त्यांनी सही केली. कागद दुसऱ्यांदा वाचला नाही.

बाहेरच्या पेटीत त्यांनी पाकीट सोडलं. पेटी नुकतीच रिकामी केली असावी. तळाच्या पत्र्यावर ते पडल्याचं स्वच्छ ऐकू आलं.