परातीएवढं प्रवाळ

"या काचेच्या पाणपेटीपायी घरात सोफा आला नाही. पाहुणे जमिनीवर बसतात," केशवराव बायकोच्या कानाशी पुटपुटले.

"आज जातंय ना प्रवाळ परत समुद्रात? मग आणा सोफा," मंदाकिनी म्हणाली आणि पुसलेली काच पुन्हा पुसू लागली.

समुद्रातलं प्रवाळ संपत आल्यावर मत्स्य खात्याने उरलेले तुकडे घरोघरी वाढवायला दिले होते. आधी नुसते दगड आणि खारं पाणी, मग काचेवर तपकिरी शेवाळ, मग दगडांवर गुलाबी पापुद्रा, आणि तेव्हा कुठे मंदाकिनीच्या तुकड्याने जीव धरला. आता तो परातीएवढा झाला होता. शेवटच्या वर्षी पाणी हळूहळू तापलेल्या समुद्राइतकं कोमट करायचं, असा नियम होता. तिने केलंही, पण प्रवाळ पांढरं पडू लागलं, तसं गुपचूप पुन्हा गार केलं.

खात्याच्या डिसोझाबाईंनी तापमापी बुडवली, मंदाकिनीकडे पाहिलं आणि प्रवाळ न्यायला आणलेलं पिंप उघडलं.

सासूबाई नारळ घेऊन आल्या. "ओटी भरूनच पाठवू."

"आई, तांदूळ पाण्यात टाकू नका हं," मंदाकिनी म्हणाली.

"तिकडे रुजेल ना हो?" केशवरावांनी विचारलं.

"जागा भरपूर आहे तिथे," बाई म्हणाल्या.

मंदाकिनीने पाण्यात हात घातले, प्रवाळाला धरलं, पण उचलवेना. "बाई, आधी बाकीच्या घरांतून नेलेली कुठे आहेत?"

डिसोझाबाईंनी पिंपाचं झाकण परत लावलं.

"मेली सगळी," त्या म्हणाल्या. "कोमट पाण्याची सवय केलेलीसुद्धा."