लेखी शाबासकी

मॅनेजरांनी प्रशस्तिपत्राची फ्रेम पुढे केली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण थोरलीने हात पुढे केला नाही. आधी यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा, म्हणाली.

लाँड्रीत तिला थोरली म्हणायचे, कारण चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर तिच्या शेजारी काम करायची ती तिची धाकटी जाऊ. पंधरा दिवसांपूर्वी धाकटीचा हात त्या तापलेल्या रोलरमध्ये ओढला गेला. थोरलीने झेप घेऊन स्विच बंद केला म्हणून हात वाचला. दोन बोटं गेलीच. धाकटी अजून घरी होती.

हेडक्लार्कने घसा साफ करून इंग्रजी मजकूर वाचला. 'कमेंडेबल' हा शब्द त्याने दोनदा म्हटला, इतका तो त्याला आवडला.

"म्हणजे काय?"

"शाबासकीच हो, ताई. पण तोंडी शाबासकी हवेत विरते. ही लेखी. हिची प्रत फायलीला लागते, कायमची."

"बरं. आणि बाकीच्या ओळी?"

क्लार्कने मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजर घड्याळाकडे पाहू लागले. थोरली जागची हलेना, तेव्हा त्याने खालमानेने सांगून टाकलं: सोबतच्या बाईने हलगर्जीपणा केला, तरी हिने प्रसंगावधान दाखवलं.

म्हणजे हिची पाठ थोपटायची आणि खापर धाकटीच्या डोक्यावर फोडायचं. तेही कायमचं. हे एकदा फायलीला लागलं की धाकटीला परत कामावर कोण घेणार? हात आत जाऊ नये म्हणून रोलरपुढे असलेली जाळी दोन महिन्यांपूर्वी दुरुस्तीला म्हणून काढली ती परत आलीच नव्हती, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही. थोरलीचा संताप झाला, पण तिने आवाज चढवला नाही.

"जाळी नव्हती, हेही लिहा. फायलीला ते लागू दे."

मॅनेजर समजुतीच्या सुरात म्हणाले, अशी फ्रेम इथे आजवर कुणाला मिळालेली नाही. उगीच फाटे फोडू नयेत. घरी न्यावी, चांगल्या जागी लावावी.

थोरलीने फ्रेम घेतली. चादरींची गाठोडी बांधायची दोरी उचलली आणि ती सरळ रोलरपाशी गेली. जाळीचे दोन्ही बोल्ट अजून तिथेच होते. तिने फ्रेम त्यांना घट्ट बांधली. दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी जागा उरली.

"लहान पडतेय, साहेब," ती म्हणाली, आणि बंद स्विचवर हात ठेवून उभी राहिली.